एचएस-सीआरपी वाढलंय म्हणजे ब्लॉकेज आहे का?

हल्ली फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये 'कार्डिॲक रिस्क मार्कर्स' नावाचं एक पान असतंच, त्यात एचएस-सीआरपी, लिपोप्रोटीन ए, होमोसिस्टीन अशी दोनचार नावं असतात आणि त्यातल्या एचएस-सीआरपीसमोर ४.६ वगैरे आकडा ठळक अक्षरात आला की रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडतो, खाली ठरलेला प्रश्न, ब्लॉकेज आहे का? मग एक काका अर्जुनाची साल सुचवतात, दुसरे म्हणतात एकदाची अँजिओग्राफी करूनच टाका. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. हा आकडा ब्लॉकेज दाखवत नाही, ते त्याचं कामच नाही, पण म्हणून तो फालतू आहे असंही नाही. आणि उलट्या बाजूनेही तेवढाच घोळ होतो, म्हणजे अँजिओ नॉर्मल आली की 'काही नाही, गॅसेस आहेत' म्हणून माणसाला घरी पाठवतात, आणि त्याच्या हृदयाला खरोखरच रक्त कमी पडत असू शकतं. दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायच्या तर आधी सीआरपीपासून सुरुवात करू.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात हे सापडलं, न्यूमोनियाच्या जंतूच्या पेशीभिंतीतल्या 'सी' नावाच्या पदार्थाला ते चिकटायचं म्हणून नावात सी आला. हृदयाचा तेव्हा काही संबंधच नव्हता. हे प्रोटीन मुख्यतः लिव्हर बनवतं. शरीरात कुठेही जंतू शिरले, जखम झाली, सांधे सुजले, की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा एक निरोप रक्तात सोडतात, त्याला आयएल-६ म्हणतात, तो लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. सहाएक तासात आकडा चढायला लागतो, दोन दिवसांत टोकाला जातो, आणि मोठं इन्फेक्शन असेल तर नेहमीच्या कित्येकशे पट होऊ शकतो. कारण संपलं की उतरतोही पटकन, कारण रक्तातलं सीआरपी साधारण १९ तासांत निम्मं होतं.

आता यात अडचण काय ते बघा. लिव्हरला निरोप मिळतो की कुठेतरी दाह (इन्फ्लमेशन, आतली सूज) चालू आहे, पण कुठे ते त्या निरोपात लिहिलेलं नसतं. गुडघ्यात, हिरडीत, फुप्फुसात की हृदयाच्या नसेत, सीआरपी सगळीकडे एकच. त्यामुळे डेंग्यूतून उठल्यावर दहा दिवसांनी पॅकेजवाली टेस्ट केली आणि एचएस-सीआरपी १४ आलं तर त्यावरून हृदयाबद्दल काहीच बोलता येत नाही. खरंतर त्या दिवशी ती टेस्ट करायलाच नको होती.

साधं सीआरपी आणि एचएस-सीआरपी ही दोन वेगळी प्रोटीनं आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. प्रोटीन तेच, फक्त मोजायची पद्धत जास्त बारीक. साधी टेस्ट तापाच्या पेशंटसाठी असते, तिथे ४० आहे की १४० एवढं कळलं तरी डॉक्टरचं काम होतं, खूप खालचे आकडे तिला नीट मोजता येत नाहीत. हृदयाच्या बाबतीत मात्र सगळा खेळच त्या खालच्या आकड्यांचा आहे, ०.७ आणि २.८ यातला फरक. २००३ मध्ये अमेरिकेतली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन यांनी मिळून ढोबळ पट्टे ठरवले: लिटरला १ मिलीग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर आधी इन्फेक्शन किंवा दुसरा काही दाह शोधायचा, तो बरा झाल्यावर पुन्हा टेस्ट करायची. आणि एका आकड्यावर भरवसा ठेवायचाच नाही, दोनेक आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी बघायची असंही त्यात होतं, जे पॅकेजवाले तुम्हाला कधीच सांगत नाहीत.

अजून एक, रिपोर्टवरचं युनिट वाचा. काही लॅब मिलीग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर, दोन्हींत दहापट फरक आहे. ०.४ प्रति डेसिलिटर म्हणजे ४ प्रति लिटर, दिसायला किरकोळ आणि प्रत्यक्षात वरच्या पट्ट्यात. ईएसआर या दाहाच्याच जुन्या रक्ततपासणीचं विचाराल तर हृदयाच्या हिशोबात ती टेस्ट फार कामाची नाही, ॲनिमिया, वय, प्रेग्नन्सी, सगळ्याने ती हलते.

मग या सगळ्याचा हृदयाशी संबंध कुठून आला? तर नसेत चरबी साचते म्हणजे नुसतं कोलेस्टेरॉल येऊन थर बसतो असं आपल्याला वाटतं, पण प्रकार वेगळाच आहे. एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण नसेच्या आतल्या अस्तराच्या खाली शिरतात, तिथे अडकतात, खराब होतात, आणि शरीर त्यांना परके समजतं. अस्तराच्या पेशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तिथे थांबवून आत ओढून घेतात, त्या पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, मरतात, त्यातून अजून निरोप सुटतात, अजून पेशी येतात. म्हणजे नसेच्या भिंतीच्या आत वर्षानुवर्षं हळूहळू चालणारा दाहच तो. जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्शोने एकोणिसाव्या शतकातच मायक्रोस्कोपखाली बघून हे दाहासारखं दिसतंय असं लिहून ठेवलं होतं, पण पुढे सगळ्यांचं लक्ष कोलेस्टेरॉलकडे गेलं, दाहाची गोष्ट शंभरेक वर्षं बाजूलाच पडली.

या गाठीवर, प्लाकवर, एक टोपी असते तंतूंची. आतला दाह जास्त असेल तर तिथल्या पेशी असे एन्झाइम सोडतात की ती टोपी आतून पातळ होत जाते, एक दिवस फाटते, आतला मालमसाला रक्ताला लागतो आणि मिनिटांत गुठळी होते. हाच बहुतेक हार्ट ॲटॅकचा प्रकार. आणि इथे एक गोष्ट लोकांना पटतच नाही, की ॲटॅक देणारी गाठ नस ९० टक्के अडवणारीच असते असं नाही, कितीतरी वेळा ती आधी निम्मीसुद्धा नस अडवत नसते. कारण सुरुवातीला गाठ बाहेरच्या अंगाने वाढते, नस बाहेर फुगून तिला जागा करून देते आणि आतली वाट तेवढीच राहते. म्हणून गेल्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आलेला माणूस या महिन्यात ॲटॅकने जातो आणि घरचे म्हणतात टेस्टच खोटी होती. टेस्ट खोटी नव्हती, तिने रक्तप्रवाह बघितला, गाठ किती तापलीये ते तिला दिसतच नाही.

म्हणजे रक्त पोचतंय का हा एक प्रश्न आणि भिंतीत दाह किती आहे हा दुसरा. एकाचं उत्तर दुसऱ्यावरून काढता येत नाही, पण दोन्ही एकाच आजारातले.

दाहाचा आकडा हृदयासाठी कामाचा आहे हे ठसठशीतपणे पुढे आलं १९९७ मध्ये. बॉस्टनच्या पॉल रिडकर यांच्या टीमने अमेरिकेतल्या पुरुष डॉक्टरांवर झालेल्या एका जुन्या मोठ्या अभ्यासातलं साठवून ठेवलेलं रक्त काढलं, म्हणजे हे लोक धडधाकट असताना घेतलेलं रक्त, आणि पुढे ज्यांना ॲटॅक आला त्यांची तुलना ज्यांना आला नाही त्यांच्याशी केली. सीआरपी सगळ्यात वरच्या चतुर्थांशात असलेल्यांना सगळ्यात खालच्यांपेक्षा ॲटॅकचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला, तोही कित्येक वर्षं आधीच्या रक्तावरून. मग २००८ मध्ये ज्युपिटर नावाची चाचणी आली, १७,८०२ लोक, एलडीएल १३० च्या खाली म्हणजे नेहमीच्या हिशोबात औषधाची गरज नसलेले, पण एचएस-सीआरपी २ किंवा वर. अर्ध्यांना रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं, स्टॅटिन गटातलं औषध) दिलं, अर्ध्यांना खोटी गोळी, आणि स्टॅटिनवाल्यांत ॲटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून ४४ टक्क्यांनी कमी झाले. खूप गाजली ती चाचणी. पण त्यात एक मोठी पळवाट राहिली, स्टॅटिन एलडीएलही कमी करतं आणि सीआरपीही, मग फायदा नक्की कशाचा? शिवाय एचएस-सीआरपी कमी असलेल्या लोकांचा गट त्यात घेतलाच नव्हता, म्हणजे त्यांनाही तेवढाच फायदा झाला असता की नाही ते त्यातून कळायची सोय नव्हती.

याच्यानंतरचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. काही लोकांचं सीआरपी जन्मतःच थोडं जास्त असतं, त्यांच्या जीन्समुळे. सीआरपीच नसा खराब करत असेल तर या लोकांना हृदयरोग जास्त व्हायला हवा ना? २०११ पर्यंत लाखाच्या वर लोकांची माहिती एकत्र करून बघितलं तर तसं काही दिसलं नाही. म्हणजे सीआरपी गुन्हेगार नाही, तो फक्त घटनास्थळी दिसतो. पण पुढच्याच वर्षी असंच काम आयएल-६ च्या रिसेप्टरवर, म्हणजे तो निरोप ऐकणाऱ्या पेशीवरच्या भागावर, झालं, ज्यांच्या जीन्समुळे आयएल-६ चा निरोप जन्मभर जरा कमी ऐकू जातो त्यांना हृदयरोग खरंच कमी निघाला. म्हणजे खरी गडबड सीआरपीच्या वरच्या पायरीवर आहे. म्हणून एचएस-सीआरपीचा आकडाच खाली आणायच्या मागे लागून हळदीच्या कॅप्सूल खाण्यात अर्थ नाही, दाह कशाने होतोय ते शोधणं महत्त्वाचं.

आणि मग २०१७ मध्ये कँटोस नावाची चाचणी. दहा हजारांवर पेशंट, सगळ्यांना आधी ॲटॅक येऊन गेलेला, एचएस-सीआरपी २ किंवा वर. यांना असं इंजेक्शन दिलं जे इंटरल्यूकिन-१ बीटा अडवतं, हा आयएल-६ च्याही आधीचा निरोप, आणि ज्याने कोलेस्टेरॉलला धक्काही लागत नाही. मधल्या डोसवाल्या गटात पुन्हा ॲटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका १५ टक्क्यांनी कमी झाला. नुसता दाह कमी करून, एलडीएल तिथल्या तिथे असताना. पण या लोकांत जिवावर बेतणारी इन्फेक्शन्स जास्त झाली, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही आणि औषध प्रचंड महाग, त्यामुळे हृदयासाठी ते बाजारात आलंच नाही. त्यानंतर गाऊटसाठी वापरतात ते स्वस्त कोल्चिसिन आजमावलं, २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या चाचण्यांत चांगला फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत त्याच्या छोट्या डोसला हृदयासाठी मंजुरीही मिळाली, आणि २०२४ मध्ये सात हजारांवर पेशंटच्या चाचणीत ॲटॅकनंतर लगेच दिलं तर काही फायदा नाही असं निघालं. सध्या गाडी तिथे आहे. मेडिकलमधून स्वतःच आणून घ्यायची गोष्ट नाही ती, किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत चालू असेल तर कोल्चिसिन चढतं आणि जिवावर बेतू शकतं.

आता आपल्या लोकांबद्दल. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला होता, पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, म्हणजे कागदावर दोघेही एकदम फिट. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून चरबीवाला असतो हे त्या एका फोटोने जगाला कळलं. आणि योगायोग बघा, हेच युडकिन १९९० च्या दशकात चरबीच्या पेशी स्वतः आयएल-६ सोडतात या कामात होते. दोन्ही जोडा. पोटाची चरबी, ती आयएल-६ सोडते, लिव्हर सीआरपी बनवतं. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या पुरुषांचं सीआरपी गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं होतं आणि त्याचं बरंचसं कारण पोटाचा घेरच होता. त्यामुळे वजनकाटा ६४ दाखवतो म्हणून निर्धास्त असाल आणि पँटचा नंबर दर दोन वर्षांनी वाढत असेल तर तुमच्या एचएस-सीआरपीच्या ३.५ चं उत्तर बहुतेक तिथेच आहे.

आता रक्तप्रवाहाकडे येऊ. हृदय हा विचित्र स्नायू आहे, बाकीचे स्नायू आराम करताना रक्तातला थोडासाच ऑक्सिजन घेतात, हृदय मात्र बसल्या जागीही ७० टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. म्हणजे जिना चढायला लागलात की रक्तातून अजून ऑक्सिजन पिळून घ्यायला फारसा वावच नाही, एकच उपाय, रक्तच जास्त आणा. निरोगी हृदयात हा प्रवाह चारपाच पट वाढू शकतो. मोठी नस ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली की हे वाढणं जमत नाही आणि छाती भरून येते, बसलं की थांबते. हा झाला ओळखीचा प्रकार, अँजिओत दिसतो, स्टेंट टाकता येतो.

पण अँजिओत दिसणाऱ्या नसा म्हणजे फक्त वरच्या मोठ्या, तीनचार मिलीमीटरच्या. अर्ध्या मिलीमीटरहून बारीक ज्या हजारो शाखा स्नायूत शिरतात त्या दिसतच नाहीत, आणि किती रक्त सोडायचं हे मुख्यतः त्याच ठरवतात. ज्याच्याकडे ठिबक आहे त्याला हे लगेच कळेल, मेन लाइन स्वच्छ, पंपाला प्रेशर, पण ड्रिपर क्षाराने चोंदलेत, आणि शेतात झाडं सुकतायत. विहिरीवर उभं राहून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार. फरक एवढाच की हृदयातल्या बारीक नसा चोंदतातच असं नाही, त्या वेळेवर सैल होत नाहीत. सैल व्हायला अस्तराने नायट्रिक ऑक्साइड सोडावं लागतं, आणि दाह, सिगरेट, डायबिटीस या तिन्हींत तेच कमी पडतं.

कधीकधी हे अँजिओतच दिसतं, बघणाऱ्याने नीट बघितलं तर. डाय (नसा दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध) सोडला आणि नसा स्वच्छ, पण डाय शेवटापर्यंत पोचायला उशीर करतो, रेंगाळत जातो. याला कोरोनरी स्लो फ्लो म्हणतात. १९७२ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं त्या पेपरचे पहिले लेखक तांबे, आडनाव वाचून मी दोनदा बघितलं. नंतर हे मोजायची युक्ती निघाली, टिमी फ्रेम काउंट. अँजिओचा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने घेतला असेल तर डाय नसेच्या सुरुवातीपासून ठरलेल्या शेवटच्या खुणेपर्यंत किती फ्रेममध्ये पोचला ते मोजायचं. नॉर्मल साधारण २१, आणि २७ च्या वर गेलं तर स्लो. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी नस, लांब असते म्हणून तिचा आकडा १.७ ने भागतात. डॉक्टरच्या रिपोर्टवर 'स्लो फ्लो' किंवा 'टिमी टू फ्लो' (डाय पोचतो पण सावकाश) असं काही लिहिलेलं असेल आणि खाली 'नॉर्मल कोरोनरीज' असेल तर त्या दोन ओळी एकमेकींना खोडत नाहीत, दोन्ही खऱ्या आहेत.

तुर्कस्तान आणि चीनमधून या स्लो फ्लोवाल्या पेशंटच्या रक्ताचे बरेच अभ्यास आले, आणि त्यात सीआरपी, आयएल-६ वगैरे नॉर्मल फ्लोवाल्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे मोठी गाठ नाही, तरी दाहाचे आकडे वर आणि रक्त सावकाश, दोन्ही एकाच माणसात. पण हे अभ्यास छोटे आहेत आणि एकाच वेळचं रक्त घेऊन केलेले, त्यामुळे दाहाने प्रवाह मंदावला, की आधीच सिगरेट ओढणारा आणि पोट सुटलेला माणूस असल्याने दोन्ही झालं (स्लो फ्लोवाले बऱ्याचदा तसलेच तरुण पुरुष असतात) हे त्यातून सुटत नाही. एचएस-सीआरपी वाढलंय म्हणून तुम्हाला स्लो फ्लो आहे असं तर अजिबात म्हणता येत नाही.

बारीक नसांचा त्रास बायकांमध्ये खूप दिसतो आणि तिथे दुर्लक्षही तेवढंच होतं. छातीत दुखणं, धाप, थकवा, अँजिओ क्लीन, मग निदान काय तर टेन्शन, मेनोपॉज, ॲसिडिटी. अशा वेळी डॉक्टरला सरळ विचारायचं की मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना, म्हणजे बारीक नसांमुळे छातीत दुखणं, असू शकेल का. ते तपासता येतं, नसेत बारीक वायर घालून औषधाने प्रवाह किती पट वाढतो ते मोजतात, दोन ते अडीच पटीच्या खाली राहिला तर गडबड धरतात. हे सगळ्या गावात होत नाही हे खरं, पण कित्येकदा डॉक्टर लक्षणांवरूनच औषध सुरू करतात आणि फरक पडतो.

तर ते ४.६ आलेलं माणूस काय करेल? गेल्या तीन आठवड्यांत ताप, सर्दी, दाढेचं काम, लस, काही झालंय का ते आठवायचं, झालं असेल तर थांबून पुन्हा टेस्ट. हिरड्यांतून रक्त येत असेल तर डेंटिस्टकडे जायचं, हे गमतीने सांगत नाहीये, हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वर ठेवतो. सिगरेट, तंबाखू, पोटाचा घेर. इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला सांगायचं, त्यानेही वाढतं. आणि हा आकडा एलडीएल, बीपी, शुगर, घरातला हृदयरोगाचा इतिहास यांच्या शेजारी ठेवून वाचायचा, एकटा नाही. स्टॅटिन घ्यायचं की नको अशा काठावरच्या पेशंटमध्ये त्याचा खरा उपयोग होतो, डॉक्टरला एका बाजूला कौल द्यायला.

छातीत आत्ता दुखत असेल तर मात्र यातलं काहीही कामाचं नाही. तेव्हा इसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीये का ते सांगणारी रक्ततपासणी), आणि तेही तासाभरात, घरी इनो पिऊन वाट बघत नाही. ॲटॅकमध्ये सीआरपी वाढतं, पण ते स्नायू मेल्यावर, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी. पहिल्या तासात ते १ च्या खालीसुद्धा असू शकतं, आणि सीआरपी नॉर्मल आहे म्हणून घरी थांबलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही.